ताबा आहे, फेरफार नाही : पश्चिम सहाराविषयी वाचकांचे प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पश्चिम सहाराविषयी २७९७ क्रमांकाचा ठराव केला. त्यानंतर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : काही नकाशांत पश्चिम सहारा वेगळा दिसतो, काहींत तो मोरोक्कोत मिसळलेला असतो, तर काहींत मध्ये तुटक रेषा असते. परीक्षेत काय लिहावे? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कॉलेज रोड)

'अस्वशासित प्रदेश', म्हणजे जिथल्या लोकांना अजून पूर्ण स्वशासन मिळालेले नाही असा प्रदेश, असे लिहा. १९६३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याची तशी नोंद आहे. या यादीत आज १७ प्रदेश असून त्यांत हा सर्वांत मोठा. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी.

सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ताबा मोरोक्कोचा आहे, पण फेरफार मंजूर झालेला नाही. हा स्पेनचा वसाहती प्रदेश होता. स्पेन निघायच्या बेतात असताना मोरोक्को आणि मॉरिटानिया दोघांनी हक्क सांगितला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी सल्लामत दिले : काही टोळ्या मोरोक्कोच्या सुलतानाला मानत होत्या हे खरे, पण तेवढ्यावरून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही आणि त्यामुळे तिथल्या लोकांच्या स्वयंनिर्णयाला बाध येत नाही. त्याच दिवशी राजे हसन दुसरे यांनी 'हरित मोर्चा'ची घोषणा केली. ६ नोव्हेंबरला सुमारे साडेतीन लाख निःशस्त्र नागरिक सीमा ओलांडून आत शिरले. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये करार होऊन स्पेनने कारभार मोरोक्को आणि मॉरिटानियाकडे सोपवला. कारभार सोपवला, सार्वभौमत्व नव्हे. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन कायदा सल्लागार हान्स कोरेल यांनी २००२ च्या अभिप्रायात हे स्पष्ट शब्दांत मांडले आहे. हा एक भेद डोक्यात पक्का बसला, तर पुढचा निम्मा गुंता सुटतो.

२७ फेब्रुवारी १९७६ रोजी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारियो आघाडीने 'सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक' जाहीर केले. सहरावी म्हणजे पश्चिम सहाराचे मूळ लोक. १९७९ मध्ये मॉरिटानियाने अंग काढून घेतले. आज वाळूच्या सुमारे २,७०० किलोमीटर लांब तटबंदीने प्रदेश दुभागला आहे. तिच्या पश्चिमेचा सुमारे चार पंचमांश भाग मोरोक्कोकडे आहे. नकाशातली तुटक रेषा मोरोक्को आणि पूर्वीचा स्पॅनिश प्रदेश यांच्यातल्या वसाहतकालीन सीमेची, तटबंदीची नव्हे. ही चूक उत्तरपत्रिकांत नेहमी होते.

प्रश्न : १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाली, सार्वमत ठरले, संयुक्त राष्ट्रांचे पथकही गेले. मग इतक्या वर्षांत एक मतदान का होऊ शकले नाही? (निवृत्त शिक्षक, नाशिकरोड)

गाडी मतदारयादीवर अडली. खरी लढाई तिथेच झाली, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहोत.

सुरक्षा परिषदेने २९ एप्रिल १९९१ च्या ६९० क्रमांकाच्या ठरावाने सार्वमत घेण्यासाठी 'मिनुर्सो' पथक स्थापन केले आणि ६ सप्टेंबरला मोरोक्को आणि पोलिसारियो यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली. स्वातंत्र्य की मोरोक्कोत विलीनीकरण, एवढाच प्रश्न लोकांपुढे ठेवायचा होता. पण लोक म्हणजे कोण? हाताशी होती स्पेनने १९७४ मध्ये केलेली जनगणना, त्यात सुमारे ७४ हजार नावे. पोलिसारियोला ही यादी जवळपास पुरेशी वाटत होती. मोरोक्कोचे म्हणणे असे, की वसाहतकाळात उत्तरेला निघून गेलेल्या टोळ्याही सहरावीच आहेत, त्यांना वगळता येणार नाही.

तोडगा म्हणून पाच निकष ठरले. जनगणनेत नाव असणे. त्या वेळी प्रदेशात राहत असूनही मोजणीतून सुटलेले असणे. या दोघांचे आईवडील किंवा मुले असणे. प्रदेशात जन्मलेल्या सहरावी पित्याचे अपत्य असणे. किंवा टोळीचा सदस्य म्हणून १ डिसेंबर १९७४ पूर्वी सलग ६ वर्षे अथवा तुटक मिळून १२ वर्षे तिथे राहिलेले असणे. आता ओळख पटवायचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. भटक्या समाजात जन्माचा दाखला नाही, घरपट्टीची पावती नाही. अर्जदार टेबलासमोर उभा. त्याच्या टोळीच्या पोटशाखेचे दोन शेख, म्हणजे प्रमुख, बसलेले, एक मोरोक्कोच्या बाजूचा, एक पोलिसारियोच्या. तो आजोबांचे नाव सांगतो, कुठल्या विहिरीजवळ तळ पडायचा ते सांगतो. एक शेख म्हणतो, आमचा आहे. दुसरा म्हणतो, नाही. निर्णय द्यायचा संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्याने. शेखांपैकी एक आलाच नाही, तर कामच बंद.

हे काम ऑगस्ट १९९४ मध्ये सुरू झाले, १९९६ मध्ये थांबले. संयुक्त राष्ट्रांचे दूत जेम्स बेकर यांच्या मध्यस्थीने १९९७ मध्ये ह्यूस्टनमध्ये समझोता झाल्यावर पुन्हा चालू झाले. कागदोपत्री एच-४१, एच-६१ आणि जे-५१/५२ अशी नावे असलेले तीन टोळीगट शेवटपर्यंत वादात राहिले, कारण त्यांतले बहुतेक लोक मूळ मोरोक्कोत राहणारे होते. अखेर १ लाख ९८ हजार अर्जदारांतून ८६,३८६ पात्र ठरले. मग नाकारलेल्यांच्या हरकती आल्या, १ लाख ३० हजारांहून अधिक. आपल्याकडे महापालिकेच्या प्रारूप मतदारयादीवर काही हजार हरकती आल्या तरी यंत्रणेची दमछाक होते. इथे तर प्रत्येक हरकतीला पुन्हा शेखांचीच साक्ष लागणार होती. २००० नंतर हे काम पुढे सरकलेच नाही.

बेकर यांनी २००३ मध्ये दुसरी योजना मांडली : चार-पाच वर्षे स्वायत्तता, मग सार्वमत, आणि ३० डिसेंबर १९९९ पासून तिथे राहणाऱ्यांनाही मत. म्हणजे मोरोक्कोतून वसलेल्यांनाही. तरीही पोलिसारियोने ती स्वीकारली आणि मोरोक्कोने नाकारली. संख्याबळ आपल्या बाजूचे असूनही 'स्वातंत्र्य' हा पर्याय मतपत्रिकेवर नको, हे मोरोक्कोने तेव्हा दाखवून दिले. बेकर २००४ मध्ये बाजूला झाले. पथकाची स्थापना संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सहाव्या प्रकरणाखालची, म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीवर चालणारी. सक्ती करायचा अधिकार त्याला कधीच नव्हता. फ्रान्सकडे नकाराधिकार असताना तो मिळण्याचीही शक्यता नव्हती.

प्रश्न : आम्ही युरोपला द्राक्षे पाठवतो. पश्चिम सहारातल्या टोमॅटोवर 'मोरोक्को' लिहायला युरोपीय न्यायालयाने मनाई केली, असे वाचले. शेतमालाच्या लेबलचा राजकारणाशी काय संबंध? (बागायतदार, दिंडोरी)

थेट संबंध आहे, आणि तुम्हाला तो चटकन कळेल. ताज्या फळभाजीचे मूळ पॅकहाऊसवरून ठरत नाही, पीक कुठे काढले त्यावरून ठरते. तुमच्या प्लॉटची नोंदणी, फायटो प्रमाणपत्र आणि पेटीवरचे लेबल एकाच जागेकडे बोट दाखवतात. पश्चिम सहारातल्या दाखला या शहराच्या परिसरातल्या हरितगृहांतले चेरी टोमॅटो आणि खरबुजे 'मोरोक्को' नावाने युरोपात जात आणि मोरोक्कोला मिळालेली आयातकराची सवलत घेत. फ्रान्समधल्या एका शेतकरी संघटनेने याला आव्हान दिले.

४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात दोन गोष्टी होत्या. फ्रान्सला एकट्याने आयातबंदी करता येणार नाही, तो अधिकार युरोपीय संघाचा. पण लेबलवर पश्चिम सहाराच लिहिले पाहिजे. त्याच दिवशी न्यायालयाने संघ आणि मोरोक्को यांच्यातला शेतमालाचा आणि मासेमारीचा करार या प्रदेशापुरता अवैध ठरवला. कारण वाचण्यासारखे आहे. युरोपीय आयोगाने सल्लामसलत केली ती तिथल्या 'रहिवाशां'शी, आणि संमती हवी होती ती तिथल्या 'जनते'ची. त्या जनतेचा मोठा भाग प्रदेशाबाहेर आहे. मतदारयादीचाच वाद, फक्त आता टोमॅटोच्या पेटीवर आलेला.

शेतमालाच्या सवलतीला न्यायालयाने १२ महिन्यांची मुदत दिली होती. ती संपता संपता, ऑक्टोबर २०२५ मध्ये, संघाने मोरोक्कोशी नवी व्यवस्था केली : सवलत चालू आणि लेबलवर 'पश्चिम सहारा'ऐवजी मोरोक्कोच्या प्रशासकीय विभागांची नावे, उदाहरणार्थ दाखला-ओएद एद-दहाब. आमच्या मते ही निकालाला दिलेली बगल आहे.

प्रश्न : आपला डीएपी मोरोक्कोच्या फॉस्फेटवर चालतो म्हणतात. म्हणजे या वादाचा भाव आपणही मोजतो का? (शेतकरी, निफाड)

मोरोक्कोकडून भारत खडक फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्ल आणि तयार खत घेतो, हे खरे. पण त्यातला मोठा वाटा खुरीबगासारख्या मोरोक्कोच्या मूळ भूमीतल्या खाणींचा. पश्चिम सहारात बू क्रा ही खाण आहे. तिथून किनाऱ्यापर्यंत माल सुमारे १०० किलोमीटरच्या सरकपट्ट्यावरून येतो. मोरोक्कोच्या एकूण उत्पादनात तिचा वाटा लहान आहे. धोका भावापेक्षा जप्तीचा. मे २०१७ मध्ये न्यूझीलंडला निघालेले, या खाणीतले सुमारे ५४ हजार टन फॉस्फेट भरलेले जहाज दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट एलिझाबेथ बंदरात अडवले गेले. पुढे तिथल्या न्यायालयाने माल सहरावी प्रजासत्ताकाचा ठरवला. तेव्हापासून असा माल नेणारी जहाजे ते बंदर टाळतात.

प्रश्न : भारताची भूमिका काय? काश्मीरच्या सार्वमताशी याची तुलना योग्य आहे का? (वाचक, सिन्नर)

भारताने १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली. आता भारत संयुक्त राष्ट्रांच्या प्रक्रियेचा हवाला देतो.

तुलना योग्य नाही. जम्मू-काश्मीर अस्वशासित प्रदेशांच्या यादीत कधीच नव्हता. तिथे ऑक्टोबर १९४७ चा विलीनीकरणाचा करारनामा आहे. १३ ऑगस्ट १९४८ च्या ठरावात आधी पाकिस्तानी सैन्य माघारी जाण्याची अट होती. दोन्हीकडे 'सार्वमत' हा शब्द आला, एवढेच साम्य.

प्रश्न : नव्या ठरावाने सार्वमत संपले, असे बातम्यांत आले. खरे का? (वाचक, पंचवटी)

ठराव बातमीतून नव्हे, क्रियापदांतून वाचावा. प्रास्ताविकातली वाक्ये पार्श्वभूमीची असतात. वजन क्रमांक दिलेल्या कलमांना, आणि त्यांतही 'ठरवते' आणि 'आवाहन करते' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ठराव २७९७ ठामपणे 'ठरवतो' ती एकच गोष्ट : मिनुर्सोची मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवणे. बाकी तो पक्षांना चर्चेचे आवाहन करतो, मोरोक्कोचा २००७ चा स्वायत्ततेचा प्रस्ताव आधार धरतो, आणि मोरोक्कोच्या सार्वभौमत्वाखालची खरी स्वायत्तता हा सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरू शकतो असे म्हणतो. 'ठरू शकतो', 'ठरतो' नव्हे. लोकांच्या स्वयंनिर्णयाचा उल्लेखही कायम आहे.

तरी पारडे झुकले आहे हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले. मग २०२२ मध्ये स्पेन, २०२४ मध्ये फ्रान्स आणि २०२५ मध्ये ब्रिटन स्वायत्ततेच्या बाजूने आले. ठरावाला ११ मते पडली. रशिया, चीन आणि पाकिस्तान तटस्थ राहिले, अल्जीरियाने मतदानातच भाग घेतला नाही.

प्रश्न : या सगळ्यात निर्वासितांचे काय? (वाचक, सातपूर)

अल्जीरियातल्या तिंदूफजवळ पाच छावण्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने तिथे सुमारे १ लाख ७३ हजार लोक राहतात, आणि त्यांची वस्ती १९७५ पासूनची. छावण्यांना नावे दिली आहेत ती मागे सुटलेल्या गावांची : अल-अयून, स्मारा, औसेर्द, दाखला, बूजदूर. पाणी टँकरने येते, धान्य मदतसंस्थांचे. देणग्या आटल्या की शिधा कापला जातो. १९७४ च्या यादीत ज्यांची नावे होती, त्यांतले आज हयात असलेले सगळे पन्नाशी ओलांडलेले आहेत. स्वायत्ततेची कलमे घासूनपुसून घेतली जातील तेव्हा सर्वांत आधी विचारायला हवे, की छावणीत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला परतीचा हक्क कोणत्या कागदावर मिळणार. २००७ च्या प्रस्तावात परतीचे आश्वासन आहे. परतणाऱ्याची ओळख कोण आणि कशी पटवणार, याची कार्यपद्धती त्यात नाही.