लहान आतड्यात गाठ निघाली, तर ऑपरेशन करावंच लागतं का?

वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्यात गाठ दिसली. ऑपरेशन टाळून केमोवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पोटाचा सर्जन आहे, तरी आधी गाठीची जात विचारेन. इथे चार मुख्य जातींचे कॅन्सर होतात आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

अडेनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, असेल आणि दूर पसरला नसेल तर ऑपरेशनला पर्याय नाही. गाठीचा भाग लसिका ग्रंथींसकट काढून आतड्याची टोकं जोडतात. फूटभर आतडं गेल्याने सहसा जेवणाखाण्याचं काही बिघडत नाही. फक्त शेवटचा भाग बराच काढला, तर बी12ची इंजेक्शनं लागू शकतात. अवघड जागा म्हणजे ड्युओडेनम, जठराला लागून असलेला पहिला भाग. तिथे स्वादुपिंड आणि पित्तनलिका खेटून असल्याने बरेचदा व्हिपल ही मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ती जिथे नेहमी होते अशाच ठिकाणी करा. याबाबत मी हट्टी आहे. ग्रंथींमध्ये कॅन्सर सापडला, तर नंतर बहुधा केमो देतात. एमएसआय तपासणी (गाठीच्या पेशींत डीएनए दुरुस्तीचा दोष आहे का ते पाहणारी) मात्र मागून घ्या. ती ‘हाय’ आली आणि आजार पसरलेला असेल, तर पेम्ब्रोलिझुमाबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं औषध, उपयोगी पडते.

जिस्ट, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून वाढणारी गाठ, निघाली तर नेहमीची केमो जवळजवळ निरुपयोगी. शक्य असेल तर गाठ न फोडता अख्खी काढायची. धोका जास्त असेल तर इमॅटिनिबची गोळी, सहसा रोज 400 मिलिग्रॅम, निदान 3 वर्षं. मोठ्या गाठीला ती ऑपरेशनआधीही देतात, पण म्युटेशन (गाठीच्या जनुकांतला बदल) तपासून, कारण काही प्रकारांवर ती चालत नाही.

न्यूरोएन्डोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या, गाठी बहुधा संथ वाढतात. पसरल्या तरी ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडच्या महिन्याच्या इंजेक्शनांवर पुष्कळ जण वर्षानुवर्षं चांगले राहतात. पुढे ल्युटेशियम थेरपी, म्हणजे थेट गाठीपर्यंत किरणोत्सर्ग नेणारं औषध, आहे. लिम्फोमात, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये, तुमचा अंदाज बरोबर ठरतो: मुख्य इलाज केमो. आतडं तुंबलं, फुटलं किंवा रक्तस्राव थांबेना, तरच आम्हाला बोलावतात.

आता मेख अशी, की गाठ मधल्या भागात असेल तर दुर्बीण सहज पोहोचत नाही. मग बायोप्सीवाचून थेट ऑपरेशन ठरतं आणि जात नंतर कळते. डॉक्टर घाई करतायत असं वाटून घेऊ नका. उलट्या, पोट फुगणं, गॅसही न सरणं असं काही झालं, तर रिपोर्टची वाट न पाहता त्यांना लगेच दवाखान्यात न्या.