अभिवचन हातात असताना हे का घडलं?

"देवाचं अभिवचन होतं, मग आमच्याच घरात हे का? माझाच विश्वास कमी पडला का?" नगर आणि आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. विचारणारा माणूस त्यात दोन गोष्टी एकदम सांगत असतो: मी घाबरलोय, आणि घाबरल्याची मला लाज वाटते. संकटापेक्षा ही लाजच माणसाला जास्त पोखरते, असं माझं मत होत चाललंय.

एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आयुष्यभर दवाखान्यात नोकरी केल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पर्समधून एक कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पुष्कळ मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, अशी कार्डं वाटतात. ताट फिरतं, प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायचं, आणि त्यावरचं वचन हे आपलं वर्षाचं अभिवचन. सिस्टरांच्या हाताला बायबलच्या स्तोत्र 91 मधलं दहावं वचन लागलं होतं: 'कोणतेही अरिष्ट तुझ्यावर येणार नाही.' पुढे 'व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही' असंही होतं. कार्ड लॅमिनेट करून त्यांनी फ्रिजवर लावलं होतं, आणि चिकटपट्टीचा पिवळा डाग त्याच्या मागे तसाच होता.

मार्चमध्ये मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. दिवस शुक्रवार. सिस्टर सकाळी साडेनऊला उपवास प्रार्थनेला गेल्या, फोन सायलेंटवर. दुपारी साडेतीनला परत आल्या तेव्हा मिस्टर मोरीच्या दारात पडलेले, तोंड वाकडं, उजवी बाजू गेलेली. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्या त्यांनी मनातल्या मनात तास मोजले होते.

"मॅडम, मी कुठे होते? देवाच्या घरात. आणि हातात काय होतं? हे." त्यांनी कार्डावर बोट आपटलं. "आता मला सांगा, खोटं कोण बोललं?"

यावर उत्तर द्यायची घाई करायची नाही. बायबलमधला ईयोब म्हणजे दोष नसताना संकटं कोसळलेला माणूस. त्याच्या गोष्टीत त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्या हातून झालेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम. मग ते तोंड उघडतात आणि पानंच्या पानं त्याला समजावतात की चूक तुझीच असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. सिस्टरांकडेही असे मित्र येऊन गेले होते. एकजण म्हणाले, विश्वासात ढिले पडू नका. एक बाई म्हणाल्या, घरात कबूल न केलेलं काही असेल तर शोधा. मोबाईलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रांवर वचनं येत होती. आधी त्या प्रत्येकाला 'आमेन' पाठवायच्या. मग त्यांनी ग्रुपच म्यूट केला, आणि म्यूट केल्याचीही टोचणी लागली.

मी आधी साधी चौकशी केली: झोप, भूक, वजन, रडू, कामात लक्ष. सिस्टर पहाटे तीनला जाग्या होत आणि पुन्हा झोप लागत नसे. दोन महिन्यांत ब्लाऊज सैल झाले होते. "मरून जावं असं वाटतं का?" हे मी सरळ विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या म्हणाल्या, मरावंसं वाटत नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटतं. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. इथे आमच्या लोकांत एक अडचण हमखास येते: गोळी घेतली म्हणजे प्रार्थनेवर भरवसा उरला नाही, असं वाटतं. सिस्टरांना मी एवढंच म्हटलं, बीपीच्या गोळीबद्दल तुम्ही पेशंटला काय सांगायचात? त्या कसनुसं हसल्या. (असं रात्री-अपरात्री कुणाला वाटू लागलं, तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत आहे.)

बीपीचा विषय निघाला आणि गाठ सुटायला लागली. मिस्टरांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून जानेवारीतच गोळ्या बंद केल्या होत्या. सिस्टरांनी भांडण केलं, गोळ्या ताटाशेजारी ठेवल्या, डबीत घालून दिल्या. त्यांनी त्या कुंडीत टाकल्या. झटक्यानंतर घर आवरताना सिस्टरांना तुळशीच्या मातीत विरघळलेल्या गोळ्यांचा लगदा सापडला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या, घास भरवावा लागणाऱ्या माणसावर रागवायचं कसं? बोलता न येणाऱ्याशी भांडायचं कसं? म्हणून तो सगळा राग वळसा घालून निम्मा देवाकडे गेला आणि निम्मा स्वतःकडे. दोघंही उलट बोलणारे नव्हते.

हा राग ओळखून त्याला नाव द्यायला आम्हाला बराच वेळ लागला. घाई केली असती तर 'क्षमा करा' म्हणून विषय मिटवता आला असता, आणि सिस्टरांनी आज्ञाधारकपणे क्षमा केलीही असती. ती फार दिवस टिकली नसती.

वचनाचा प्रश्न अजून तसाच होता, आणि तो मी बाजूला सारला नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांचा 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, रुग्णालयात दाखल झालेल्या वयस्कर लोकांचा. 'देवाने मला टाकलं का', 'त्याचं माझ्यावर प्रेम आहे का' या झगड्यात अडकलेल्यांना पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसला. सिस्टरांना हे मी सांगितलं नाही, त्यांना आणखी एक भीती कशाला? पण समुपदेशकाने 'धर्माचं तुम्ही पाळकांना विचारा' म्हणून हात झटकू नयेत, याला हे कारण पुरेसं आहे. श्रद्धेत पडलेला पेच त्या श्रद्धेच्याच भाषेत सोडवावा लागतो.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी कार्ड नको, पवित्र शास्त्र आणा, अख्खं बायबल." त्या आजीचं जुनं शास्त्र घेऊन आल्या, कडा उसवलेलं. स्तोत्र 91 उघडलं. मी म्हटलं, दहाव्यापासून पुढे वाचा. अकरा-बारावर आल्यावर त्या थांबल्या. 'देवदूत तुला हातांवर झेलतील' ही ओळ त्यांना दुसरीकडूनही ठाऊक होती. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि नेमकं हेच स्तोत्र ऐकवतो: टाक उडी, वचन आहे ना. येशू उडी टाकत नाही. देवाला पणाला लावायला तो नकार देतो. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पंधरावं वचन त्यांनी स्वतःच वाचलं: 'संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन.'

"म्हणजे संकट येणार, हे त्याच पानावर आहे," त्या म्हणाल्या.

"पाच ओळी खाली."

त्यांना राग आला. देवाचा नव्हे, कार्ड छापणाऱ्यांचा. मला तो राग निरोगी वाटला. मीही त्याच परंपरेतली, माझ्याकडेही दरवर्षी कार्ड येतं, आणि कार्डांशी माझं वैर नाही. पण एक ओळ कापून हातात दिली की ती विम्याच्या पॉलिसीसारखी वाचली जाते, आणि क्लेम नाकारला गेला की माणूस आपलाच हप्ता कुठे चुकला ते शोधत बसतो. आमच्या घरोघरी भिंतीवर असलेलं यिर्मया संदेष्ट्याचं वचन घ्या: 'संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.' ते बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) पकडून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. पत्र ऐकणाऱ्यांतले कित्येक सुटका बघायला जगणारही नव्हते. त्यांना आधी सांगितलं जातं: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा. मला त्या पत्रातला सगळ्यात मोठा दिलासा तिथे दिसतो. वाट बघायच्या काळातही कांदे लावायला देवाची हरकत नाही.

सिस्टरांचा आणखी एक काटा होता. त्यांची आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. आजी सांगायची की लेक मनोरमा गेली तरी पंडिता रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. "आणि मला साधा कुकर लावायला उठवत नाही." थोरांच्या गोष्टी आपण स्वतःला चाबकासारख्या मारून घेतो. मी म्हटलं, मनोरमाबाई जुलै 1921 मध्ये गेल्या आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाईही गेल्या, नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या काळातल्या त्यांच्या रात्री कशा गेल्या, हे तुमच्या आजीच्या गोष्टीत आहे का? सिस्टर म्हणाल्या, नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, आजी रात्रीचं कधीच सांगायची नाही.

त्यानंतर मी त्यांना घरी करायला एकच काम दिलं. पहाटे तीनला जाग आली की पांघरुणात तळमळायचं नाही. स्वयंपाकघरात बसून, स्तोत्र 13 उघडून, त्याच चालीवर स्वतःचं लिहायचं. ते स्तोत्र 'किती काळ' या प्रश्नाने सुरू होतं: हे परमेश्वरा, मला किती काळ विसरशील? दीडशे स्तोत्रांतली जवळजवळ एक तृतीयांश अशी गाऱ्हाण्यांची आहेत. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी समेट नाही, स्तुती नाही. तरीही ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. ज्याच्याशी नातं तुटलं त्याच्याशी माणूस भांडत नाही, हे सिस्टरांना पटायला स्वतःच्याच वहीची मदत झाली. पहिल्या पानावर फक्त गोळ्या आणि कुंडी होती. नंतरच्या पानांवर मिस्टरांना उद्देशून ओळी आल्या. काही मला वाचून दाखवल्या, काही नाही दाखवल्या.

शुक्रवारच्या साडेनऊ ते साडेतीनचं काय, हा प्रश्न मात्र असा सुटला नाही. वॉर्डातल्या दुसऱ्या कुणाच्या बायकोने हेच सांगितलं असतं तर काय म्हणाला असता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी म्हटलं असतं, ताई, तुम्हाला काय माहीत होतं. पण मला माहीत होतं, मॅडम. मी सिस्टर आहे." अपराधीपणाचा तेवढा तुकडा अजून त्यांच्याकडे आहे. आकाराने लहान झालाय. तो पूर्ण जाईल असं मी त्यांना कधी म्हटलं नाही.

झोप हळूहळू सुधारली. गोळ्या चालू आहेत. मिस्टर वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत येतात आणि 'चहा' हा शब्द नीट म्हणतात. पण सिस्टर दिवसभर एकट्याच. म्हणून त्यांच्या संमतीने मी पाळकांना भेटले. पाळक तरुण आहेत, ऐकून घेणारे. म्हणाले, आम्ही रोज वचन पाठवतोच की. मी विचारलं, त्याऐवजी आठवड्यातून तीन तास कुणी बसायला येईल का, म्हणजे सिस्टर झोपतील? महिला मंडळाने पाळी ठरवली, बुधवार आणि शनिवार. पहिल्या बुधवारी आलेल्या बाई शास्त्र आणि 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक काखेत धरून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, मी नेमकं काय करू? वाचू का काही?"

"वाचा की," सिस्टर म्हणाल्या. "आणि ते झोपले, तर दर दोन तासांनी कूस बदला. पाठीखाली उशी आडवी घाला, उभी नको."