विद्यापीठाच्या रेडिओचा इतिहास लिहिताना

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. विद्यापीठांच्या सामुदायिक रेडिओचा, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी आणि त्यांच्या सहभागाने चालणाऱ्या छोट्या केंद्रांचा, इतिहास हा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु पहिले प्रकरण तू १ फेब्रुवारी २००४ या दिवसापासून, म्हणजे चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील ‘अण्णा एफएम’च्या उद्घाटनापासून सुरू केले आहेस. देशातले पहिले कॅम्पस सामुदायिक केंद्र तेच, यात वाद नाही. तरीही इतिहासाची सुरुवात तिथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधीची नऊ वर्षे नीट वाच. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा त्या निकालातील भाग मुळातून वाचावास, त्याच्या सारांशावर विसंबू नयेस. निकालामुळे रेडिओ केंद्रे लगेच उघडली नाहीत. १९९६ मध्ये बंगळूरला आणि २००० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील पस्तापूरला कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन सामुदायिक रेडिओची मागणी जाहीरनाम्यांतून मांडली. डिसेंबर २००२ मध्ये सरकारने परवानगी दिली ती फक्त शैक्षणिक संस्थांना. स्वयंसेवी संस्थांना नोव्हेंबर २००६ पर्यंत थांबावे लागले. ज्यांनी मागणी लावून धरली ते दाराबाहेर राहिले आणि विद्यापीठे आधी आत गेली. विद्यापीठांवर सरकारचा विश्वास होता, गावातल्या संघटनांवर तितकासा नव्हता, असा अर्थ मी यातून काढतो. तुला तो पटला नाही तर पुराव्यानिशी खोडून काढ, पण हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नकोस.

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर जहीराबाद लागते. त्याच्या जवळ माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाला. परवाना हाती नसताना या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या बैठकींमध्ये कॅसेटवर ऐकवत असत. तुझा विषय विद्यापीठांपुरता असला तरी तिथे एकदा जाऊन ये. विद्यापीठांचा आवाज हवेत गेला तेव्हा कोण अजून परवानगीची वाट पाहत होते, हे तुला तिथे कळेल.

आणखी मागे, आपल्याच महाराष्ट्रात, १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावकरी एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करत आणि मनात आलेल्या शंका आकाशवाणी केंद्राकडे कळवत. त्यांची उत्तरे पुढच्या प्रक्षेपणांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापनही केले. ते रेडिओ केंद्र सरकारचे होते, त्याला सामुदायिक म्हणता येणार नाही, परंतु श्रोत्याचे म्हणणे परत केंद्रापर्यंत जाण्याची सोय त्यात होती. प्रत्येक विद्यापीठीय केंद्राला तू हीच कसोटी लाव.

आता साधनांविषयी, कारण तुझी खरी अडचण इथेच आहे. प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा, एवढेच बंधन २००६ च्या धोरणाने केंद्रांवर घातले. त्यानंतर हार्ड डिस्कवरची जागा मोकळी करणे ही नेहमीची गोष्ट होऊन बसते आणि वर्षानुवर्षांचे काम कोणाच्याही वाईट हेतूशिवाय नाहीसे होते. उद्घाटनाची छायाचित्रे आणि कुलगुरूंची भाषणे मात्र हमखास जपलेली सापडतील. त्यांच्या आधारे लिहिलेला इतिहास समारंभांचा होईल. म्हणून केंद्रात गेल्यावर आधी क्यू शीट, लॉगबुक आणि श्रोत्यांची पत्रे माग. क्यू शीटवर कार्यक्रमाचे नाव, कालावधी, पहिले आणि शेवटचे वाक्य असते. ध्वनिफीत गेली असली तरी त्या दोन वाक्यांवरून निवेदक कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलत होता, हे ताडता येते. माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुन्या सीडी असतात. त्या मिळाल्या की त्याच दिवशी प्रत काढ आणि तारीख, आवाज कोणाचा, ध्वनिमुद्रण कुठे झाले, हे लिहून ठेव.

प्रक्षेपकाची मर्यादाही समजून घे. १०० वॅट प्रभावी प्रक्षेपणशक्ती, साधारण ३० मीटर उंचीचा अँटेना आणि पाच ते दहा किलोमीटरचा टापू, एवढाच या रेडिओचा पसारा असतो. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ एफएमच्या १०७.४ मेगाहर्ट्झवर लागते, पण सोलापुरातल्या संचावर ती कधीच लागणार नाही. म्हणून त्या टापूत राहून, तिथल्या चहाच्या टपरीवर आणि वसतिगृहात बसून ऐक. इंटरनेटवरून ऐकल्याने परिसर कळत नाही.

निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक समाजाच्या सहभागातून तयार व्हावेत, असे धोरण सांगते. या स्थानिक समाजात कोण कोण येते, हे समजून घ्यायला तुला गाव सोडावे लागणार नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या बायका तेंदूची भिजवलेली पाने पत्र्याच्या मापाने कापून, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळतात. हात आणि डोळे कामात गुंतलेले, कान मोकळे. रेडिओला याहून चांगला श्रोता मिळणार नाही. या बायकांच्याच शेजारी कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे आहेत. विद्यापीठाच्या रेडिओवर प्रवेशप्रक्रियेची माहिती आणि प्राध्यापकांची व्याख्याने असावीतच, पण अशा बाईला तिच्या भाषेत प्रश्न विचारून तिचे उत्तर जसेच्या तसे प्रसारित केले गेले का, हे तू तपासलेल्या प्रत्येक केंद्राबाबत नोंदव. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही स्पष्ट लिही. वयोवृद्ध मार्गदर्शकांना किंवा केंद्रप्रमुखांना ते रुचणार नाही म्हणून वाक्य मऊ करू नकोस.

पहिले प्रकरण १९५६ पासून नव्याने मांडून पाठव. सोबत निवडलेल्या प्रत्येक केंद्राच्या कोणत्याही एका आठवड्याचे कार्यक्रमपत्रक जोड आणि त्यात भाषेसाठी व बोलणाऱ्या व्यक्तीच्या व्यवसायासाठी वेगळा रकाना ठेव. तो कोरा राहिला तरी चालेल, आपण त्यावरच बोलू.

तुझा शुभचिंतक