हरभरा उमळतोय, आज फवारू का?

प्रश्न : परभणी जिल्ह्यात आमचं भारी काळं रान आहे. ऑक्टोबरच्या मध्यात अडीच एकर हरभरा पेरला, उगवण छान झाली. गेल्या आठवड्यात दोन रात्री अवकाळी पाऊस पडला, तेव्हापासून आभाळ हटत नाही. खोलगट भागातला हरभरा पिवळा पडून उमळतोय. बांधाकडच्या तुरीचा फुलोराही गळतोय. अळी, मर रोग आणि फूलगळ, तिन्हींची औषधं एकत्र करून मारा, असं दुकानात सांगितलंय. ताई, आज फवारू का?

उत्तर : दादा, आज पंप उचलू नका. आधी खुरपं घेऊन रानात जा.

पिवळ्या पट्ट्यातलं एक झाड माती सैल करून मुळासकट काढा. ओढून उपटलंत तर मुळावरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी मातीतच राहतील. सोटमूळ नि बुडखा उभा चिरा. आत काळपट रेघ दिसली तर ती मर. तिची बुरशी मातीतली, पानांवर मारलेलं औषध तिथवर पोचत नाही. अशी झाडं रानाबाहेर नेऊन जाळा आणि पुढच्या रब्बीत त्या तुकड्यात ज्वारी घ्या.

रेघ नसेल तर मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर ती कामात आहे. हिरवट-राखाडी दिसली तर समजा, पाणी साचून चिभडलेल्या रानात मुळांना हवा मिळेनाशी झालीय. पिवळेपणा फक्त खोलगटात आहे म्हणता, त्यामुळे मला हीच शक्यता जास्त वाटते. उताराच्या बाजूनं चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. वाफसा आला, म्हणजे माती पायाला चिकटेनाशी झाली, की हलकी खुरपणी करा, त्याआधी ओल्या रानात औत घालू नका. पाणी तर सध्या अजिबात नको.

अळीसाठी सकाळी लवकर जा. हरभऱ्याच्या आंबेनं, म्हणजे पानांवरच्या आंबट दवानं, पायाच्या भेगा चुरचुरतात, पण कोवळी अळी शेंड्यावर सापडते ती तेव्हाच. खसखशीएवढं पिवळसर अंडं, किंवा हिरवा भाग खरवडून पांढरं पडलेलं पान शोधा. रानात दहा ठिकाणी एकेक मीटर ओळ मोजा. मीटरला सरासरी एक-दोन अळ्या भरल्या तरच फवारणी. अळी लहान असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो : 5 किलो निंबोळ्यांचा भुगा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून पाणी 100 लिटर करा. एकरी वीसेक पक्षिथांबे मात्र आजच रोवा. साळुंक्या आणि कोतवाल त्यावर बसून अळ्या वेचतात.

औषधांची सरमिसळ करू नका, हे मी भोगून सांगतेय. एका वर्षी अशाच ढगाळ आठवड्यात मी तीन औषधं एका टाकीत घातली. दोन दिवसांत शेंडे करपले. नंतर ओळी मोजल्या, तर अळी जवळजवळ नव्हतीच. पैसे गेले ते गेलेच, पण करपलेला हरभरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तुरीची फुलं ढगाळ हवेनं गळतात. ऊन पडलं आणि जमिनीत ओल असली की तूर पुन्हा फुलोरा धरते, म्हणून तिला आठवडाभर वेळ द्या. तोवर फुलांची गुच्छं उलगडून बघत राहा, एकत्र चिकटलेली असतील तर आत जाळं करणारी अळी असते.

मूळ चिरल्यावर आत काय दिसलं, ते मला नक्की कळवा.