आधी फोडणी विसर

प्रिय भाचेबुवा,

तुझा मेसेज रात्री वाचला. "मावशी, नॉम पेन्हला येऊन दोन महिने झाले, कंपनीच्या मेसचं जेवण बोअर झालंय, इथलं जेवण घरी करायला शिकतो, आमोकची रेसिपी पाठव ना" आणि पुढे तीन हात जोडलेले इमोजी. पाठवीन, पण आज नाही, कारण आमोकपासून, म्हणजे नारळाच्या दुधात वाफवलेल्या माशापासून, सुरुवात करणं म्हणजे ज्याला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत त्याने पुरणपोळीपासून सुरुवात करणं. मी तेच केलं होतं म्हणून सांगते.

मी तिथे, कंबोडियात, सहा वर्षं होते. घरमालकीणबाईंना मी 'ओम' म्हणायचे, ओम म्हणजे आईबापांपेक्षा वयाने मोठी मावशी किंवा आत्या, आईपेक्षा लहान असेल तर 'मिंग', आणि तुझ्याहून थोड्या मोठ्या कोणालाही 'बोंग'. बाजारात हे तीन शब्द वापर, भाजीवाली आपोआप जुडीत दोन काड्या जास्त टाकते. तर पहिल्या महिन्यात मी आमोक केला, अलिबागची बाई, मासा आणि नारळ बघितला की हात आपोआप चालतो, तेल तापवलं, मोहरी तडतडली, कढीपत्ता टाकला, कांदा लाल केला, मग त्यांचं वाटण, मग नारळाचं दूध. मोठ्या ऐटीत वाटी घेऊन ओमकडे गेले. तिने चमचाभर खाल्लं, छान हसली आणि म्हणाली, मस्त 'कारी' झालीये. कारी हा त्यांच्याकडे वेगळा पदार्थ आहे, लग्नाकार्यात करतात, पावाबरोबर खातात. आमोकचं नावही तिने काढलं नाही. मला कळायला दोन दिवस लागले.

म्हणून पहिलं सांगणं हेच, फोडणी विसर. कांदा लाल करणं, गरम मसाला, शेवटी वरून कोथिंबीर, हे सगळं तुझ्या हाताला तुझ्याही नकळत येणार, लातूरचा हात आहे, काळा मसाला तर तू सुटकेसमधून नेलाच असशील. तो ठेव फळीवर. त्यांच्या जेवणाचा वास तेलातून येतच नाही, तो येतो ओल्या वाटणातून, आणि त्या वाटणाला क्रोएंग म्हणतात. पहिला महिना फक्त हे वाट.

गवती चहा म्हटलं की तुला चहात टाकायची पानं आठवणार. इथे पानाचं काम जवळजवळ नाही, खालचा बोटभर लांब, फिकट जांभळट दांडा हवा. बाहेरचे दोन पापुद्रे काढ आणि आडव्या चकत्या काप, अगदी कागदासारख्या, उभं कापलंस तर दोरे राहतात आणि जेवताना घशात अडकतात. खलबत्त्यात चिमूटभर मीठ टाकून आधी हेच कुट. मग कोळिंजन, बाजारात 'रोमडेंग' म्हण, दिसायला आल्याचा भाऊ पण चव वेगळी, आलं घालून भागत नाही. मग ओली हळद, मग मकरूट लिंबाची पानं मधली शीर काढून, मग लसूण, आणि छोटे कांदे सगळ्यात शेवटी, कारण कांद्याला पाणी सुटलं की बाकीचं घसरायला लागतं आणि सगळं अंगावर उडतं. ऑफिसचा शर्ट घालून बसू नकोस, हळदीचा डाग जात नाही.

कितीवेळ कुटायचं हे ओमने मला कधी सांगितलं नाही, ती पलीकडच्या खोलीतून नुसती ऐकायची. सुरुवातीला आवाज टक टक येतो, पंधरावीस मिनिटांनी थप थप यायला लागतो, जड आणि ओला. मग चिमूट बोटांत चोळून बघायची, दोरा लागला नाही की झालं. मिक्सर चालतो का, चालतो, पण चकत्या तितक्याच पातळ हव्यात आणि पाण्याऐवजी थोडं तेल किंवा नारळाचं दूध घाल, पाणी घातलंस की चोथापाणी होतं. आणि हो, बाजारात कुटलेलं तयार क्रोएंग ढिगाने मिळतं, ओम स्वतः घाईच्या दिवशी तेच आणायची. तूही खुशाल आण, पण महिनाभर स्वतः कुटल्यावर, म्हणजे ढीग हुंगून ताजा की कालचा ते ओळखता येईल.

आता काय रांधायचं, तर समलॉ. समलॉ म्हणजे रस्सा आणि तिथलं रोजचं जेवण म्हणजे भात आणि समलॉ, बाकी सगळं तोंडी लावायला. जेवलास का हे विचारतानासुद्धा 'भात खाल्लास का' असंच विचारतात. सुरुवात समलॉ माचू क्रोएंगपासून कर, माचू म्हणजे आंबट. दोन माणसांसाठी तीन मोठे चमचे क्रोएंग थोड्या तेलात मंद परतायचं, लाल होऊ द्यायचं नाही, नुसता कच्चा वास जाईपर्यंत. ओम बीफ घालायची, मी कोंबडी घालायचे. मग पाणी, मांस शिजलं की चिंचेचा कोळ, ताडगूळ, फिश सॉस, छोटी हिरवी वांगी, आणि अगदी शेवटी नाळीची भाजी, तिकडे 'त्रकुऑन', ती पडली की दोन मिनिटांत गॅस बंद. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या पोराला आंबटगोड मी काय शिकवू, फक्त यात डाळ नाही आणि तिखट जवळपास नाहीच, मिरची बाजूला वाटीत असते, ज्याला हवी त्याने घ्यावी. थाई जेवण समजून त्यात मिरच्या कोंबू नकोस.

पण अजून एक गोष्ट राहिली, आणि तू तीच टाळणार हे मला माहितीये. प्राहोक, मिठात मुरवलेला मासा. बाजारात त्या करड्या चिखलासारख्या घमेल्यांजवळून नाक दाबून गेला असशील. आम्ही कोकणातले, सुकटीच्या वासात वाढलेले, मला फार जड गेलं नाही, तुला जाईल. पण हे समजून घे की ते काय आहे. तोन्ले साप तळं पावसाळ्यात फुगतं, मेकाँग नदीचं पाणी इतकं चढतं की तळ्यातून निघणारी नदीच उलटी वाहायला लागते, उन्हाळ्यात साधारण अडीच हजार चौरस किलोमीटर असलेलं तळं कित्येक पट पसरतं, आणि पाणी उतरायला लागलं की मासाच मासा. एवढा मासा ताजा कोण खाणार, म्हणून डोकी काढून, धुऊन, मिठात घालून, उन्हं दाखवून महिनोन् महिने मुरवत ठेवायचा. आपल्याकडे कैरीचा हंगाम आला की बरण्या भरतात ना, तसंच. ज्या घरात प्राहोक आहे त्या घरात भाताबरोबर काहीतरी आहे, इतका सरळ हिशोब.

वापरायचं कसं ते सांगते, कारण चमचाभर तसंच कच्चं रश्शात ढकललंस तर काटे येतील आणि तू परत हात लावणार नाहीस. वाटीभर पाण्यात एक चमचा प्राहोक पाच मिनिटं उकळ, गाळ, चोथा फेक, पाणी समलॉत घाल. खिडकी उघडी ठेव. पहिल्यांदा अर्धा चमचा घे हवं तर. एकदा प्राहोक घालून आणि एकदा न घालता कर, दुसऱ्या वेळी काहीतरी हुकल्यासारखं वाटेल आणि काय हुकलं ते मीठ घालून भरून निघणार नाही.

एक नाजूक गोष्ट. ऑफिसातल्या किंवा शेजारच्या वयस्कर बायकांकडून शिकायला मिळालं तर सोडू नकोस, पण "तुमच्या आईने शिकवलं का" असं सहज म्हणून विचारू नकोस. मी ओमला विचारलं होतं. ती वांगी चिरत होती, चिरतच राहिली, काही बोलली नाही. १९७५ ते १९७९ ख्मेर रूजच्या, म्हणजे तिथल्या कट्टर कम्युनिस्टांच्या राज्यात घरातल्या चुली बंद केल्या होत्या, भांडीकुंडी काढून घेतली, सगळ्यांनी सामुदायिक छपरात जेवायचं, आणि जेवण म्हणजे पाण्यात भाताची शितं. कोणाची आई तेव्हा गेली, कोण स्वतः तेव्हा आठ वर्षांचं होतं, आपल्याला काय माहीत. पुढे खूप महिन्यांनी ओमने आपणहून एवढंच सांगितलं की समलॉ कोरको तिने चवीच्या आठवणीवरून परत जमवलं, शेजारणीला विचारत विचारत. त्यावर मी प्रश्न विचारला नाही.

कोरको तुला दुसऱ्या महिन्यात जमेल. आपली ऋषीची भाजी असते तसं, परसात जे असेल ते, कच्ची पपई, कच्ची केळी, भोपळा, वांगी, चवळीच्या शेंगा, शेवग्याचा पाला, त्यात क्रोएंग, प्राहोक आणि मासा. दाटपणा येतो भाजलेल्या तांदळाच्या पुडीने. कोरडे तांदूळ मंद आचेवर सोनेरी भाज, घरभर भाजणीचा वास येईल आणि तुला आईची आठवण येईल, मग कुट, रवाळ ठेव. कोरको म्हणजेच ढवळणे, तेव्हा ढवळत राहा, फोनवर बोलत बसलास तर तांदूळ बुडाला धरतो.

आणि आमोक? तिसऱ्या महिन्यात. हॉटेलात नारळाच्या शहाळ्यात ओतून देतात तो पातळ रस्सा बघून फसू नकोस, घरचा आमोक खरवसासारखा थरथरायला हवा. क्रोएंग, नारळाचं घट्ट दूध, अंडं, फिश सॉस, ताडगूळ, माशाचे तुकडे, केळीच्या पानाचे द्रोण आणि वाफ, पंचवीसेक मिनिटं. आच मोठी ठेवलीस तर दूध फुटतं आणि वर भोकं पडतात, माझे पहिले तिन्ही जाळीदार झाले होते, ढोकळाच म्हण. मी ते वाफवायचे मोदकपात्रात, अलिबागहून नेलेलं, ओमला ते भांडं इतकं आवडलं की निघताना तिलाच देऊन आले.

या रविवारी सकाळी सातच्या आत तुओल तोमपोंगच्या बाजारात जा, उशीर केलास की पाल्याची पार रया जाते. गवती चहा, रोमडेंग, हळद, लिंबाची पानं, एक जड खलबत्ता. फोटो समलॉचा पाठव, आणि त्याआधी कुटतानाचा एक व्हॉइस मेसेज टाक, मला आवाज ऐकायचाय.

तुझी,
मावशी