उत्तर: बर्फ वितळताना दिलेली उष्णता जाते कुठे?

ताई, तुमची मुलगी दहावीत. खाली ज्योत चालू असताना पारा 0 वरच का अडून राहतो, आलेखातली रेष सपाट का, असं तिनं विचारलं आणि क्लासमध्ये तिला "सूत्र पाठ कर, मार्क मिळतात" एवढंच ऐकावं लागलं. हे वाचून राहवलं नाही. इथल्याच एका क्लासनं आमच्या अख्ख्या बॅचला असंच गप्प केलं होतं. नाव घेत नाही.

कॅलरी, विशिष्ट उष्माधारकता तिला येत असणारच, ते सोडतो. आमच्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं, "उष्णता दिली की तापमान वाढतेच." पुढे डिप्लोमाला वाफेचे तक्ते (कुठल्या तापमानाच्या पाण्यात नि वाफेत किती उष्णता, त्याचे आकडे) हाती आले आणि या एका वाक्यानं घात केला. 0 अंशापासून मोजलं, तर 100 अंशांच्या पाण्यात किलोमागे 419 किलोजूल आणि त्याच 100 अंशांच्या वाफेत 2676! मधले 2257 कशाचे, ते शेवटपर्यंत उमगलं नाही. विषय राहिला. मुलांना चुकीचं वाक्य घोकायला लावणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

मी शिक्षक नाही, तेव्हा पुस्तकातली व्याख्या तिनं पुस्तकातूनच लिहावी. समजून मात्र असं घ्यावं: तापमान म्हणजे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप. वितळताना किंवा उकळताना दिलेली उष्णता रेणूंमधली पकड सोडवण्यात खर्च होते. गती वाढत नाही, म्हणून पारा हलत नाही. ती ऊर्जा नाहीशी होत नाही. वाफेचं पाणी झालं की तेवढीच बाहेर पडते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. पकड सोडवण्यात खर्च होणारी ही उष्णता म्हणजेच अप्रकट उष्मा. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकनं ती 1760 च्या दशकात ग्लासगोला मोजून दाखवली.

आपल्या नागपुरात तर हे शिकवायला प्रयोगशाळाही नको. मे महिन्यात कूलर लावा न. वाळ्यावरचं पाणी उडून जाताना लागणारी उष्मा हवेतूनच घेतं, म्हणून हवा गार होते. खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते आणि पाणी उडायचं थांबतं. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असतो, म्हणून तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. कोराडीच्या वीज केंद्राचे कूलिंग टॉवरही याच तत्त्वावर चालतात.

परीक्षेपुरतं एक. 0 अंशाच्या बर्फाचं गणित आलं तर आधी वितळण्याचा हिशेब, मग तापमानवाढीचा. 10 ग्रॅम बर्फाचं 20 अंशांचं पाणी करायचं, तर वितळायला ग्रॅममागे 80 कॅलरी, म्हणून 10 गुणिले 80 म्हणजे 800, त्यात तापमानवाढीचे 10 गुणिले 20 म्हणजे 200, एकूण 1000 कॅलरी. बहुतेक मुलं ते 800 विसरतात. आणि 80 हा आकडा कॅलरीतला आहे. जूलमध्ये विचारलं तर ग्रॅममागे सुमारे 334 घ्यायचे.