गाळ, गोटे आणि ओढ्याचा उतार: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: पुरानंतर माझ्या शेतात गोटे पडतात. त्याच ओढ्यावर खाली मेव्हण्यांच्या रानात मात्र मऊ पोयटा. असं का? (जुन्नर)

तुमचं शेत डोंगराच्या पायथ्याला आहे. उतार मोडला, पाणी पसरलं की वेग पडतो. मग गोटे आधी खाली बसतात, त्यानंतर वाळू. पोयटा, म्हणजे बारीक गाळ, संथ पाण्यापर्यंत जातो. अशा जागी ओढा पात्र बदलत राहतो, म्हणून स्वतःच्या मनाने बांध घालून तो वळवू नका. आधी जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला जागा दाखवा.

प्रश्न: कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्यात ठेवले तर? (कागल)

नको. गाळाने बंधारा भरेल.

प्रश्न: तलावातला गाळ म्हणजे सोनं, असं सांगून एकजण ट्रॉल्या विकतोय. घेऊ का? (बार्शी)

सगळा गाळ सारखा नसतो. तलावात पाणी शिरतं त्या तोंडाशी भरड आणि वाळू बसते, भिंतीजवळ बारीक चिकण. काचेच्या बरणीत मूठभर गाळ पाण्यात ढवळा. मिनिटभरात तळाशी जाड थर बसला तर ती वाळू आहे, पैसे देऊ नका. जमीन आधीच भारी काळी असेल तर चांगला गाळही टाकू नका, निचरा बिघडेल. हलक्या, मुरमाड रानाला तो उपयोगी, पण गाळ आणि जमीन दोन्हींचं माती परीक्षण करूनच.

प्रश्न: धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरसारखा आमचा नाला पोकलेनने खोल करायचा ठराव झालाय. लगेच सुरू करावं ना? (पारनेर)

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि बहुतेकदा मशीन गावात आल्यावर. शिरपूरकडे तापीच्या गाळाचे जाड थर आहेत, तुमच्याकडे थोड्याच मातीखाली काळा पाषाण. तिथलं माप इथे कसं लागेल? दुसरं, खोदलेल्या नाल्याच्या वरच्या टोकाला पायरी तयार होते. पाणी तिथून कोसळतं, तळ पोखरतं आणि पायरी दरवर्षी मागे सरकते. एका गावात अशी पायरी मी पाहिली: पुरुषभर उंच, काठावरच्या बाभळीची मुळं हवेत लोंबत होती. ती सगळी माती खालच्या नव्या खड्ड्यात जाऊन बसली होती. काठावर टाकलेला ढिगाराही पहिल्याच पावसात आत येतो. मशीन तासावर पैसे घेतं, त्याला खोदायची घाई असणारच, तुम्हाला कशाला? आधी माथ्यावर समतल चर (एकाच उंचीवर आडवे खोदलेले), मग ताली (उतारावरच्या शेतांचे बांध), मग ओढ्यावर लहान बांध, नाला शेवटी. आणि तोही भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने पाहणी केल्यावर.

प्रश्न: पुराचा गाळ शेतात बसलाय, लगेच नांगरू का? (शिरोळ)

वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी होईपर्यंत, नाही. वीतभर वाळू असेल तर नांगरूच नका. आधी पंचनामा करून घ्या, मग ती बाहेर काढा.